पाऊस कमी पडला, हे अर्धंच उत्तर

प्रश्न : मी अंबाजोगाईची, बारावी कला शाखेत आहे. सराव परीक्षेत ‘मराठवाड्यात पाणीटंचाई जाणवते, भौगोलिक कारणे लिहा’ असा प्रश्न होता. पर्जन्यछाया, अवर्षण, लोकसंख्यावाढ, वृक्षतोड, पाण्याचा अपव्यय असं पानभर लिहिलं. तीनपैकी एक गुण मिळाला. सर म्हणाले, ‘मुद्दे आहेत, उत्तर नाही.’ म्हणजे नेमकं काय?

उत्तर : निवृत्त होईपर्यंत मी भूगोलाचे पेपर तपासले. वृक्षतोड आणि लोकसंख्यावाढ ही जोडी प्रदूषणापासून भूस्खलनापर्यंत कुठल्याही उत्तराला चिकटवलेली असायची. तपासणारा ती वाचतसुद्धा नाही गं.

टंचाई ही वजाबाकी आहे. मागणीतून उपलब्ध पाणी वजा करायचं. तुझे बहुतेक मुद्दे उपलब्धतेचे. मागणीच्या बाजूला नुसती ‘लोकसंख्यावाढ’, तीही कुठली, किती, काही नाही. म्हणून एक जागा धर. तुझ्यासाठी ती उशाशीच आहे : धनेगावचं मांजरा धरण. लातूर शहर त्याच पाण्यावर. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे तिथे वर्षाला सरासरी सातशे-आठशे मिमी पाऊस, तोही लहरी. खाली बेसाल्ट खडक. भेगा आणि झिजलेला थर सोडला तर त्यात पाणी फारसं मुरत नाही, म्हणून विहिरी-बोअर लवकर आटतात. ही झाली एक बाजू. दुसऱ्या बाजूला त्याच खोऱ्यात साखर कारखाने आणि वर्षभर, आडसाली असेल तर दीड वर्ष, पाणी पिणारा ऊस. शिवाय वाढतं शहर.

२०१६ साली मांजरा कोरडं पडलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या गाडीत साधारण पाच लाख लिटर पाणी होतं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर. भागाकार कर : माणशी सव्वा-दीड लिटर. पुढे पन्नास डब्यांची गाडी सुरू झाली, तरी माणशी सहा-साडेसहा लिटरच. शहरासाठी नियोजनात माणशी रोज १३५ लिटर धरतात. हा आकडा उत्तरात लिहिलास की तुटवडा केवढा, हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा भरलं, तेव्हा ‘पाऊस कमी’ हे कारण त्या वर्षापुरतं संपलं. उसाचं क्षेत्र, शहराची गरज तशीच राहिली. उत्तरात हे एक वाक्य आलं असतं तर मी तीनपैकी तीन दिले असते.

फक्त पावसावर बोट ठेवणाऱ्यांना मी शहापूर तालुका दाखवत असे. ठाणे जिल्हा, दोन हजार मिमीच्या वर पाऊस, भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं तालुक्यातच. आणि एप्रिल-मेमध्ये तिथल्याच पाड्यांवर टँकर! उतार तीव्र, मातीचा थर पातळ, पाणी धावत खाली जातं; अडवलेलं असतं ते जलवाहिनीतून शहराकडे. पाड्यापर्यंत नळयोजना पोचलेली नसते. पाणी आहे पण मिळत नाही, अशा टंचाईला आर्थिक टंचाई म्हणतात. लातूरची त्या उन्हाळ्यातली भौतिक, म्हणजे मुळात पाणीच नव्हतं. ‘फरक स्पष्ट करा’ आलं तर हीच दोन गावं समोरासमोर ठेव.

प्रश्न : मुलाच्या वहीत लिहिलंय, ‘२०११ साली भारतात दरडोई वार्षिक पाणी उपलब्धता १५४५ घनमीटर, म्हणजे जलताण.’ मी हिशेब केला, दिवसाला चार हजार दोनशे लिटरच्या वर येतात. आमच्या घरात एवढं पाणी कोण वापरतं? मग ताण कसला? – एक पालक, पुणे

उत्तर : हिशेब चोख आहे. रोजचे १३५ लिटर धरले तर वर्षाला माणशी ४९ घनमीटर होतात. पण १५४५ हा घरच्या नळाचा आकडा नाही. तुमच्या ताटातला भात, चहातली साखर, अंगावरचं सुती कापड, वीजकेंद्र, कारखाना सगळं त्यात धरलेलं असतं. देशात वापरल्या जाणाऱ्या पाण्यातला सर्वांत मोठा वाटा, साधारण ऐंशी टक्के, शेतीचा आहे. शिवाय उपलब्ध पाणी सगळंच अडवून वापरता येत नाही. बरंचसं पुराच्या चार महिन्यांत वाहून जातं.

दरडोई वर्षाला १७०० घनमीटरच्या खाली ताण, १००० च्या खाली टंचाई, ही मोजपट्टी स्वीडनच्या जलतज्ज्ञ मालिन फाल्केनमार्क यांची. २००१ साली आपला आकडा १८१६ होता. इथे तो उतरला तो मुख्यतः माणसं वाढली म्हणून, तेव्हा इथे लोकसंख्यावाढ खुशाल लिहू द्या, दोन्ही वर्षांच्या आकड्यांसकट. देशाची सरासरी लातूरला किंवा शहापूरला लावायची नाही, एवढं मात्र मुलाला बजावा. आणि एकक लिहायला सांगा. नुसत्या १५४५ ला मी गुण देत नसे.