शेवटच्या गाण्यातच आवाज का फाटतो?

प्रश्न: बाबांसाठी जुन्या बाजारातून टर्नटेबल आणला. एलपीची पहिली गाणी मस्त वाजतात पण शेवटच्यात आवाज फाटतो. आर्म वाकडा आहे म्हणून का? एकाने वर रुपया ठेवायला सांगितलंय.
– एक वाचक, नारायण पेठ

उत्तर: रुपया आधी काढा बरं. नाणं तीन ग्रॅमहून जड, आणि साधारण सुईला दीड-दोन ग्रॅम भार पुरतो, तुम्ही बाबांच्या रेकॉर्डी घासून टाकाल! आर्मचा वाकडेपणा मुद्दाम केलेला असतो. रेकॉर्डवर खाच कोरणारं मशीन सरळ रेषेत मध्याकडे जातं, आपला आर्म मात्र खुंटीवर कमानीत फिरतो, म्हणून डोकं वीसेक अंशांनी वळवतात आणि सुई मधल्या खिळ्याच्या थोडी पुढे जाईल अशी बसवतात, मग मध्यापासून साधारण ६६ आणि १२१ मिमीवर सुईचा खाचेशी कोन अगदी बरोबर येतो आणि इतरत्र चूक दोनेक अंशांत राहते. मला हे गणित फार सुंदर वाटतं. याच वळणामुळे सुई आत ओढली जाते, त्यासाठी अँटीस्केट, म्हणजे आर्मला हलकेच बाहेर ओढणारी सोय.

आता शेवटचं गाणं. बाहेर सुईखालून सेकंदाला ५० सेंमी खाच सरकते, आत जेमतेम २१, तेवढ्यात तेच सूर दाटीवाटीने कोरलेले, त्यामुळे कोन जरा चुकला की तिथेच ऐकू येतं.

अँटीस्केट शून्यावर ठेवून मागचं वजन फिरवा, आर्म तराजूसारखा आडवा तरंगला पाहिजे, मग कार्ट्रिजसाठी (सुई बसवलेला पुढचा भाग) सांगितलेला भार द्या आणि अँटीस्केट परत लावा. सुईचा कोन तपासायचा कागदी तक्ता, म्हणजे प्रोट्रॅक्टर, छापला तर पट्टीने मोजून बघा, प्रिंटर आकार बदलतात. तरीही फाटलं तर सुई बदला.