कॅज्युअल्टीत हात थरथरतात, म्हणून नर्सिंग सोडू?

"मॅडम, ऐनवेळी माझे हात थरथरतात. मी नर्स व्हायच्या लायकीचीच नाही."

नर्सिंगच्या मुलींची कॅज्युअल्टीची, म्हणजे तातडीच्या विभागाची, पोस्टिंग सुरू झाली की हे वाक्य समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येतं. कधी मुलगी स्वतः येते, कधी आईचा फोन येतो, "पोरगी धड जेवत नाही, घरी बोलावून घेऊ का?" हल्ली मुलगेही येतात. ते थरथरण्याचं नाव काढत नाहीत, पित्त वाढलंय म्हणतात. सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही, पण एका मुलीबरोबर झालेलं बोलणं सांगितलं तर बरंचसं त्यात येईल. तिला प्राजक्ता म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्राजक्ता जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला होती, वर्गात पहिल्या तिघींत. मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, सीपीआर (हृदय थांबल्यावर छातीवर दाब आणि श्वास देणं) करून दाखवायला ट्यूटर मॅडम तिलाच पुढे बोलवायच्या. 30 दाब, 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 चा वेग, छाती 5 ते 6 सेंटिमीटर दबली पाहिजे, सगळं तोंडपाठ. कॅज्युअल्टीत लागून फार दिवस झाले नव्हते. एका दुपारी छातीत दुखतंय म्हणून आणलेले पन्नाशीचे एक गृहस्थ केसपेपर निघेपर्यंत स्ट्रेचरवर गप्प झाले. नाडी लागेना. "ॲड्रेनालिन काढ!" सिस्टर ओरडल्या. प्राजक्ताने क्रॅश कार्टचा (तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीचा) खण ओढला आणि तिच्या हातात आली ॲट्रोपिन या दुसऱ्याच औषधाची अँप्यूल (काचेची कुपी). सिस्टरांनी लेबल बघितलं, ती काढून घेतली, हिला कोपराने बाजूला सारलं आणि स्वतः औषध भरलं. ते गृहस्थ वाचले नाहीत.

"मी नुसती दगडासारखी उभी होते. माझ्यामुळे गेले ते."

यात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या. तिच्यामुळे उशीर झाला का, हा वैद्यकीय प्रश्न होता आणि त्याचं उत्तर द्यायचा मला अधिकार नाही. "काही नाही गं, तुझी काही चूक नाही," असं मी म्हटलं असतं तर तिला ते खोटंच वाटलं असतं. मी तिला ट्यूटर मॅडमकडे पाठवलं. त्यांनी तिला शेजारी बसवून त्या केसच्या नोट्स उघडल्या. अँप्यूल बदलेपर्यंत छातीवरचे दाब चालूच होते आणि औषध वेळेत गेलं होतं, हे तिने स्वतः वाचलं. तो भार उतरला, आणि मग खरी भीती पुढे आली.

"पण पुढच्या वेळी काय करू?"

"पुढच्या वेळी कसं व्हायला हवं?"

"भीती वाटताच कामा नये. बाकीच्या मुली किती शांत असतात."

"त्यांचे हात धरून बघितलेस?"

ती गप्प.

"आणि वाटली भीती, तर?"

"तर मी कसली नर्स?"

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीत (आपल्याला त्रास होतो तो प्रसंगापेक्षा त्याबद्दलच्या आपल्या विचारांमुळे, असं ती मानते) वाढलेली, आणि कि. मो. फडक्यांनी ती मराठी माणसाच्या दारापर्यंत आणली याचं मला कौतुक आहे. एलिस 19 वर्षांचे असताना मुलींशी बोलायला घाबरायचे. त्यांनी स्वतःलाच हुकूम सोडला की न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या प्रत्येक मुलीशी बोलायचं, मग छाती कितीही धडधडो. अशा 100 जणींशी ते बोलले. त्यातून भेट ठरली एकीशीच, आणि तीही आली नाही. पण बोलायची भीती गेली. भीती जाईल आणि मग बोलेन, असं म्हणत ते घरी बसले नाहीत. प्राजक्ताचं नेमकं उलट चाललं होतं. आधी भीती संपू दे, मग मी क्रॅश कार्टजवळ जाईन. तिला खरी अडचण भीतीची नव्हतीच. भीती वाटणं हाच नालायकपणाचा पुरावा, असं तिने ठरवून टाकलं होतं.

पण हे तिला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. हुशार मुली पटलं म्हणून मान डोलावतात आणि रात्री पुन्हा तोच विचार करतात. म्हणून मी म्हटलं, "त्या दुपारचं पहिल्यापासून सांग. तुला काय वाटलं ते नको. कोण कुठे होतं, कोणी काय केलं, एवढंच."

तिने डोळे मिटले. "4.05 ला नाडी गेली. इंटर्न डॉक्टरांनी दाब सुरू केले. श्वास द्यायची अँबू बॅग ड्यूटीवरच्या सीएमओ डॉक्टरांकडे. 4.07 ला ब्रदर (पुरुष नर्स) आले, दाब त्यांनी घेतले. पहिलं ॲड्रेनालिन 4.08 ला. दुसरं 4.12 ला..."

"थांब. ही वेळ तुला कशी माहीत?"

"समोरच घड्याळ होतं ना."

"हे कुणाला सांगितलंस?"

"सिस्टरांना. नोट्स लिहिताना त्यांनी विचारलं, डोस किती वाजता गेले? कुणाच्याच लक्षात नव्हतं, मग मी सांगितलं. पण ते काय मॅडम, ते काही काम नाही."

मी काहीच बोलले नाही. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला. प्राजक्ताचा ओढणीशी चाळा थांबला.

"आम्हाला शिकवलंय," ती हळूच म्हणाली, "टीममध्ये एक जण वेळ आणि औषधं लिहायला असतो. ते मी..."

ते वाक्य तिने पुरं केलं नाही. मीही केलं नाही. दगड घड्याळ बघत नाही, हे मला ती डोळे मिटून सांगत होती तेव्हाच दिसलं होतं, पण तिच्या तोंडून आलेलं अर्धं वाक्य माझ्या पूर्ण वाक्यापेक्षा जास्त टिकणार होतं. गप्प कधी बसायचं, एवढं मात्र या कामाने मला पक्कं शिकवलं आहे.

मग तिनेच विचारलं, "पण हात का थरथरतात?"

"कोणतं औषध काढायला गेली होतीस?"

"ॲड्रेनालिन."

"आणि भीतीने तुझ्या अंगात त्या क्षणी काय सुटलं होतं?"

ती पहिल्यांदाच खळखळून हसली.

त्यानंतर आम्ही ठरवलं ते असं. "शांत राहायचं" हा नियमच रद्द, कारण तो पाळणं कुणाच्या हातात नसतं. ड्यूटीवर गेल्यागेल्या क्रॅश कार्ट उघडायची, प्रत्येक खण बघायचा, ॲड्रेनालिन आणि ॲट्रोपिन हातात घेऊन लेबल मोठ्याने वाचायचं. ऑर्डर मिळाली की ती तशीच मोठ्याने परत म्हणायची, दिल्यावर "दिलं" म्हणायचं. आणि इन्चार्ज सिस्टरांना आधीच सांगायचं, "आज इमर्जन्सी आली तर वेळ मी लिहीन." हे सांगताना तिचा घसा कोरडा पडला होता म्हणे. सिस्टरांनी एवढंच विचारलं, "खिशात पेन आहे ना?"

काही ड्यूट्यांनंतर तिने दाब द्यायला स्वतःहून हात पुढे केला. दाब देणारा दर 2 मिनिटांनी बदलायचा असतो, त्यामुळे नवख्या मुलीलाही पाळी मिळू शकते. हात अजून थरथरतात, ती सांगते. दाब देताना मात्र कळत नाही.

असाच प्रश्न घेऊन बसलेल्या मुलींनो, टीमचं सगळं काम तुमच्या एकटीच्या डोक्यावर नसतं. एक ठरावीक, छोटं काम मागून घ्या. चुकीची अँप्यूल हातात आली तर लपवू नका, तिथेच बोला. घरच्यांनी "सोडून दे" आणि "त्यात काय घाबरायचं" ही दोन्ही वाक्यं महिनाभर तरी बाजूला ठेवावीत आणि मुलगी ड्यूटीवरून आली की आधी जेवायला वाढावं. ट्यूटर मॅडमना माझी कळकळीची विनंती, वॉर्डात मृत्यू झाला की त्याच दिवशी विद्यार्थिनींना घेऊन पाच मिनिटं बसा.

महिना उलटूनही तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल, झोप लागत नसेल, हॉस्पिटलच्या रस्त्यानेही जाववत नसेल, तर ती नुसती नवखेपणाची भीती नव्हे. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं, मराठीतही.

आणि खरंच कॅज्युअल्टी नको वाटली, तर बालरुग्ण आहे, ओपीडी आहे, गावोगाव जाऊन करायचं आरोग्यसेवेचं काम आहे, आणि तिथेही चांगल्या नर्स लागतात. फक्त तो निर्णय पोस्टिंग पूर्ण झाल्यावर घ्या. प्रसंग घडला त्याच आठवड्यात नको.