पेन्सिल सेलवाला छोटा कॅमेरा : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं का घरी छोटा डिजिटल कॅमेरा पडून असेल अन् त्याचं काही अडत असेल तर विचारा. पत्रं अन् मेसेज इतके आले का सगळ्यांना उत्तर या पानात मावत नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. माझ्याकडे कॅननचा ए-४८० आहे, २००९ चं मॉडेल, १० मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. तालुक्याच्या गावी माझा लहानसा स्टुडिओ आहे, तिथं तो आजही गल्ल्याजवळ ठेवलेला असतो, म्हणून जे सांगतो ते वापरून सांगतो.

प्रश्न : भाऊ, पोराने नागपूरवरून जुना कॅमेरा आणला. गावातल्या किराणा दुकानातून नवे सेल टाकले तर पाच-सहा फोटोतच बंद पडते, पुन्हा नवे टाकले तरी तेच. कॅमेराच खराब निघाला काय जी?
– एक शेतकरी, दर्यापूर तालुका

उत्तर : काका, माझ्या मते कॅमेरा चांगला असावा, सेल त्या कामाचे नाहीत. किराणा दुकानात मिळतात ते बहुतेक साधे झिंक-कार्बनचे सेल, घड्याळ नाहीतर रिमोटसाठी ठीक, कारण त्यांना करंट थोडा थोडा लागतो. कॅमेरा लेन्स बाहेर काढताना अन् फ्लॅश चार्ज करताना एकदम जोराने करंट ओढतो, तेवढा दम त्या सेलात नसतो, व्होल्टेज धपकन खाली येतं अन् कॅमेरा समजतो का सेल संपले. संपलेले नसतातच, तेच सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात टाकून पाहा, कितीतरी दिवस चालतील.

अल्कलाइन सेल त्यापेक्षा बरे, पण दरवेळी विकत घेणं परवडत नाही. तुम्ही सरळ निकेल-मेटल-हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घ्या, २००० एमएएचच्या (सेलात किती वीज मावते त्याचं हे माप) आसपासचे. त्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं पाहून लोक परत ठेवतात, म्हणतात साध्यावर तर १.५ आहे. अहो, साध्याचे १.५ ओझं पडलं का टिकत नाहीत, अन् हे १.२ जवळपास शेवटपर्यंत धरून ठेवतात, त्यात सगळा फरक आहे. निकॉनच्या कूलपिक्स एल सिरीजसारख्या कॅमेऱ्यात मेनूमध्ये बॅटरी टाइप निवडायचा असतो, तो बदलायचा राहिला तर भरलेले सेलसुद्धा लवकर संपले दाखवू शकते. चार सेल घ्या, दोन आत, दोन चार्ज करून खिशात. जोड्या ठरवून त्यावर मार्करने खूण करा, नवा-जुना मिसळू नका. आणखी एक, दिवसाउजेडी फ्लॅश बंद ठेवला तरी सेल पुष्कळ जास्त पुरतात.

प्रश्न : दादा, वावरात कापूस फुटला का नुसतं पांढरंशुभ्र दिसते, फोटोत मात्र मळकट राखाडी येते. अन् डोमकळीचा (अळीमुळे न उमलता मिटलेल्या कापसाच्या फुलाचा) फोटो कृषी सहायकाले पाठवायचा होता तर तो पूर्ण अंधुक. काहून होते असं?
– हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतो. पूर्ण चौकटीत पांढरा कापूस आला का त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो फोटो काळवंडवतो. त्यावर इलाज म्हणजे अधिक-उणेची खूण असलेलं सेटिंग, कापसासाठी ते दोन तृतीयांश ते एकपर्यंत अधिककडे न्या. काळी म्हैस किंवा नुकतंच नांगरलेलं काळं वावर असलं तर उलटं होतं, ते करडं दिसायला लागतं, तिथं उणेकडे. अन् काम झालं का शून्यावर परत आणा, हे मी स्वतः विसरलो होतो अन् एका बारशाचे सगळे फोटो फिकट आले होते, त्या घरच्यांना काय सांगावं ते मला सुचलं नव्हतं.

डोमकळीसाठी फुलाचं चित्र असलेलं बटन दाबा, तो मॅक्रो. झूम अजिबात करायचा नाही, झूम केला का जवळचं फोकस होतच नाही. माझ्या कॅमेऱ्यात एक सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं, पण इतकं जवळ गेलं का आपलीच सावली पडते, चार-पाच सेंटीमीटर ठेवा. वाऱ्याने पऱ्हाटी हलते, तर एका हाताने फांदी धरा, बटन अर्धं दाबा, हिरवी चौकट आली अन् टीक असा आवाज झाला का मगच पूर्ण दाबा. छोट्या कॅमेऱ्याचे निम्मे अंधुक फोटो माझ्या पाहण्यात या अर्ध्या दाबण्याची वाट न पाहिल्याने येतात. एक फोटो मिटलेल्या पाकळ्यांचा, मग फूल उकलून आतल्या अळीचा, बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे पाहणाऱ्याला अळी केवढी आहे ते कळतं.

प्रश्न : भाऊ, पोळ्याच्या दिवशी बाबांचा बैलजोडीसोबत फोटो काढला होता, तोच शेवटचा. मागच्या महिन्यात लहान पोराच्या हातून कॅमेऱ्यात फॉरमॅट दबलं. कार्ड रिकामं दाखवते. काही होऊ शकते काय?
– एक ताई, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, होऊ शकतं, पण हे वाचलं का सगळ्यात आधी ते कार्ड कॅमेऱ्यातून काढा. कार्डाच्या बाजूला एक बारीक खटका असतो, तो लॉककडे सरकवा अन् कार्ड कागदात गुंडाळून वेगळं ठेवा. साध्या फॉरमॅटमध्ये फोटो पुसले जात नाहीत, फोटो कुठं ठेवला आहे त्याची यादी तेवढी पुसली जाते. लायब्ररीचं रजिस्टर फाटलं तरी पुस्तकं कपाटात असतात, तसं. पण त्यानंतर नवे फोटो काढले तर ते जुन्यांच्या जागेवर जाऊन बसतात, अन् मग मात्र गेलं. कॅननच्या काही कॅमेऱ्यांत लो लेव्हल फॉरमॅट अशी वेगळी टिकमार्क असते, ती लागलेली असेल तर आशा फार कमी. ती मुद्दाम लावावी लागते, म्हणून मला वाटतं तुमचं तसं झालं नसावं.

फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे. गावातल्या सेतू केंद्रात किंवा कॉम्प्युटर क्लासमध्ये एखाद्या जाणत्या पोराला म्हणा, कार्ड रीडर लावून ते चालव. अट एकच, निघालेले फोटो कॉम्प्युटरमध्ये साठवायचे, त्याच कार्डावर नाही. नावं जुनी राहत नाहीत, भलत्याच आकड्यांच्या फाइली निघतात, आधी पुसलेले फोटोही त्यात येतात, तर शेकडो फोटोंतून शोधावं लागेल. शांतपणे एकेक उघडून पाहा. माझ्याकडे अशी कार्डं आली आहेत, कोणाचं सगळं निघालं, कोणाचे अर्धे निघाले, वर चेहरा अन् खाली राखाडी पट्टा. तुमच्या बाबांचा पूर्ण निघो हीच इच्छा.

अन् निघाला का त्याच दिवशी छापून घ्या. चार बाय सहा इंची चांगल्या प्रिंटला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम सव्वादोन मेगापिक्सेल, तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो त्याच्यापेक्षा पुष्कळ मोठा असणार, भिंतीवरची मोठी फ्रेमसुद्धा होईल. स्टुडिओवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवायचा झाला तर फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबून लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दोन प्रती काढा, एक भावाकडे ठेवा. फोन फुटतो, कार्ड बिघडतं, माळ्यावरच्या पेटीतला कागद मी पन्नास वर्षांनी तसाच निघालेला पाहिला आहे.

प्रश्न : सर, आमच्याकडे झाडीपट्टीची नाटकं होतात, रात्री मंडपात मागून फोटो काढले तर समोरच्यांची डोकी पांढरी अन् स्टेज काळं येते.
– वडसा, जि. गडचिरोली

उत्तर : या कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढे जात नाही, म्हणून तो समोरच्या डोक्यांवरच खर्च होतो. तो बंद करा, नाटकातल्या लोकांनाही त्याचा त्रास होतो. स्टेजवर हॅलोजन असतात, तो उजेड पुष्कळ आहे. आयएसओ, म्हणजे कॅमेरा कमी उजेडातही किती टिपतो ते ठरवणारा आकडा, ४०० नाहीतर ८०० ठेवा, थोडे दाणे दिसतील, दिसू द्या. झूम करू नका, माझ्याच कॅमेऱ्याचं सांगतो, झूम न करता लेन्स एफ ३ ला उघडते अन् पूर्ण झूमला ५.८ होते, म्हणजे उजेड जवळपास चौथा हिस्सा. त्यापेक्षा परवानगी घेऊन पुढं जाऊन बसा. कॅमेरा मंडपाच्या खांबाला टेकवा, दोन सेकंदाचा टायमर लावा म्हणजे बटन दाबताना हात हलत नाही. धान निघाल्यावर दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, एकाच रात्री जमलं नाही तर पुढच्या गावी पुन्हा प्रयत्न करा. जिथं पात्र मोठं वाक्य बोलून क्षणभर थांबतं, लोक टाळ्या वाजवतात, तिथं दाबायचं, त्या वेळी ते हलत नाही.

प्रश्न : या कॅमेऱ्याने काढलेला पिकाचा फोटो ई-पीक पाहणीत चालते काय?
– मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : नाही चालत. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली तेव्हापासून फोटो ॲपमधूनच, वावरात उभं राहून काढावा लागतो, कारण सोबत जागेची नोंद जाते. छोट्या कॅमेऱ्यात जीपीएस सहसा नसतं. स्वतःच्या वहीसाठी मात्र दर पंधरवड्याला धुऱ्यावरच्या एकाच जागेवरून फोटो काढत जा, तीन-चार वर्षांनी त्याचा उपयोग कळतो. तारीख बरोबर लावून घ्या. सेल काढले का तारीख मागे जात असेल तर चांगले सेल टाकून कॅमेरा दिवसभर तसाच ठेवा, आतली बारीक बॅटरी त्यातून चार्ज होते. काही जुन्या मॉडेलमध्ये वेगळा बटन सेल असतो, तो बदलावा लागतो.

प्रश्न : ताडोब्यात मोबाईल नेऊ देत नाहीत म्हणून हा कॅमेरा नेऊ काय? वाघ येईल काय फोटोत?
– चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर : न्या. तीन पट झूममध्ये दूरचा वाघ नखाएवढा येईल, डिजिटल झूमने तो मोठा होत नाही, फोटो फक्त कापला जातो, तो बंदच ठेवा. चितळाचे कळप, तलाव, जिप्सीतली आपली माणसं, यांचे फोटो फार छान येतात.

प्रश्न : ६४ जीबीचं कार्ड टाकलं तर घेत नाही. अन् लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकते.
– वरुड, जि. अमरावती

उत्तर : जुने कॅमेरे बहुतेक ३२ जीबीपर्यंतचंच, म्हणजे एसडीएचसी कार्ड घेतात, अन् २००६ च्या आधीचे तर फक्त २ जीबी. तुम्हाला ४ किंवा ८ पुष्कळ झालं. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, मोबाईलमध्ये नाही. फोटो मोबाईलमध्ये घ्यायचे तर ओटीजीचा, म्हणजे थेट मोबाईलच्या चार्जिंगच्या खाचेत लागणारा, कार्ड रीडर मिळतो, त्यात डीसीआयएम नावाचं फोल्डर उघडा.

लेन्सचं आधी सेल बदलून पाहा, कमजोर सेलने मोटर मधेच थांबते. तरी अडकली तर धूळ आहे, लेन्सचं तोंड जमिनीकडे धरून हवेच्या फुग्याने कडेकडेने धूळ उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो, अन् हाताने ओढू तर नकाच, आतले प्लास्टिकचे दात तुटतात. संत्र्याच्या तोडणीत, मळणीत कॅमेरा झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, गाडीच्या डिक्कीत त्याहून जास्त तापतं, तिथं कॅमेरा ठेवू नका. पावसाळ्यात त्याच डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, कॅमेरा वापरायचा नसेल तर सेल काढून.