सगळे सोडून जावेसे वाटणे म्हणजे पलायन का?

"सगळे सोडून दूर कुठेतरी साधेपणाने राहावेसे वाटते, पण हे पलायन तर नव्हे ना?" हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी अनेक माणसे विचारतात. चाळिशी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी तो विचारला, तेव्हा त्यांनी राजीनामाही लिहून ठेवला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) घर वस्तूंनी भरले आहे, मन कशातच रमत नाही आणि फोन हातातून सुटत नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यांच्या पत्नीला मात्र ही आपल्यापासून दूर जाण्याची तयारी वाटत होती आणि तिची भीती मला अनाठायी वाटली नाही.

कशापासून दूर जायचे हे ते तासभर सांगू शकत होते. कशासाठी, हे विचारले की गप्प होत. म्हणून राजीनामा तूर्त बाजूला ठेवून, घरात वापराविना पडलेल्या वस्तूंची यादी करावी आणि प्रत्येक वस्तू घेताना मनात काय होते तेही लिहून आणावे, असे मी सुचवले.

यादीत गिटार होती, कॅमेरा होता, सुतारकामाच्या हत्यारांची पेटी होती. वाचता वाचता ते मध्येच थांबले. यांतली प्रत्येक वस्तू त्यांनी आपण अजून न झालेल्या एखाद्या माणसासाठी घेतली होती. खरेदी झाली की तो माणूस झाल्याचे समाधान काही दिवस पुरे आणि मग पुढची वस्तू येई.

मालकीची झाली की तीच वस्तू आपल्याला अधिक मोलाची वाटते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, हाती कप मिळालेल्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीच्या आसपास होती. या गृहस्थांच्या बाबतीत हे होतेच, पण गिटार देऊन टाकणे म्हणजे गिटार वाजवणारे आपण कधीच होणार नाही हे मान्य करणे, आणि ते दुःख कितीतरी खोल होते. एका दिवसात घर रिकामे करण्याचा सल्ला देणारे नेमके हेच दुःख ओलांडून पुढे जातात, असे मला वाटते. आमची दोन सत्रे त्यातच गेली.

त्यानंतर त्यांनी हत्यारे ठेवली आणि रोज संध्याकाळी एक तास, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, ती वापरायला सुरुवात केली. पत्नीच्या आणि मुलांच्या वस्तूंना हात लावायचा नाही, एवढी एकच अट मी घातली होती, कारण लादलेला साधेपणा घरच्यांना ओझेच वाटतो. दोन महिन्यांनी पत्नीही सोबत आली आणि तिने आपणहून स्वतःच्या कपाटाविषयी विचारले. राजीनाम्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. गिटार एका शिकणाऱ्या मुलीकडे गेली आहे. कॅमेऱ्याचे काय करायचे हे त्यांचे अजून ठरलेले नाही आणि त्यासाठी मी घाई करत नाही.