कॉलेजच्या रोबोटिक्स स्पर्धेत कंट्रोलरसाठी कोणता प्रोसेसर घ्यावा: आर्डुइनो उनो, ईएसपी32, एसटीएम32 की रास्पबेरी पाय?

काहीही घ्या, पण एन्कोडर (चाक किती फिरलं ते पल्स देऊन सांगणारा सेन्सर) थेट रास्पबेरी पायला जोडू नका.

आमच्या टीमने तेच केलं होतं. रास्पबेरी पाय 3, चाकांना 600 पल्सचे एन्कोडर आणि मोजणी पायथॉनमधून. मी पहिल्यापासून एसटीएम32 म्हणत होतो. सीनिअर दादाने सगळ्यांसमोर विचारलं, "पायचे 1.2 गिगाहर्ट्झ कुठे आणि एसटीएमचे 72 मेगाहर्ट्झ कुठे?" मी तेव्हा गप्प बसलो, ते अजून सलतं.

हळू चालवला की रोबो सरळ जायचा. मैदानात पूर्ण वेग दिला की डावीकडे ओढायचा. दादा म्हणाला, पीआयडीचं (चाकांचा वेग सांभाळणाऱ्या सूत्राचं) ट्यूनिंग चुकलंय. दोन रात्री आम्ही त्या सूत्रातले आकडे, केपी आणि केआय, बदलत बसलो. शेवटी मी चाकावर खडूने रेघ मारली आणि हाताने बरोब्बर 10 फेरे फिरवले. एन्कोडरच्या ए आणि बी अशा दोन वायरी मिळून एका पल्सला चार बदल देतात, म्हणून एका फेऱ्याला 2400, म्हणजे 24000 यायला हवेत. आले. मग तेच चाक मोटरने पूर्ण वेगात फिरवलं आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये रेघ बघत फेरे मोजले. आकडा कमी, आणि दर वेळी वेगळा. सेकंदाला चारच फेरे धरले तरी दोन चाकांचे मिळून 19200 बदल होतात, म्हणजे सरासरी दर 52 मायक्रोसेकंदांना एक. पायवरची ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्स, मधूनच दुसऱ्या कामाला लागते आणि तेवढ्यात पल्स निघून जातात.

एसटीएम32एफ103 मध्ये टायमरलाच (चिपमधल्या मोजणी करणाऱ्या भागाला) एन्कोडर मोड आहे. ए आणि बी वायरी टायमरच्या पिनांना जोडल्या की हार्डवेअर दिशेसकट मोजत राहतं, प्रोग्रामने फक्त आकडा वाचायचा. काउंटर 16 बिटचा आहे, 65535 नंतर शून्यावर येतो, तेवढं सांभाळा. केपी-केआय तेच ठेवून आम्ही बोर्ड बदलला आणि रोबो सरळ गेला.

म्हणून मेगाहर्ट्झ सगळ्यात शेवटी बघा. आधी टायमर किती आणि इंटरप्ट पिना (सिग्नल बदलताच प्रोग्रामला हातातलं काम थांबवायला लावणाऱ्या) किती ते बघा. उनो आर3 ला एक्स्टर्नल इंटरप्टच्या दोनच पिना आणि 2 केबी रॅम. लाइन फॉलोअरला (जमिनीवरच्या रेघेवरून चालणाऱ्या रोबोला) पुरे, दोन एन्कोडर आले की ओढाताण. ईएसपी32 मध्येही पल्स मोजायचं वेगळं हार्डवेअर आहे, चांगला बोर्ड आहे. फक्त वायफाय चालू असताना एडीसी2 च्या (अ‍ॅनालॉग सिग्नलचा आकडा करणाऱ्या दुसऱ्या भागाच्या) पिनांवर अ‍ॅनालॉग सेन्सर लावू नका, आणि 5 व्होल्टचा सिग्नल थेट देऊ नका.

कॅमेरा लागणार असेल तर मात्र रास्पबेरी पाय हवाच. पण त्याने चित्र बघावं आणि सीरिअलवरून खालच्या बोर्डाला वेग सांगावा, बस. आणि हो, आधी नियमपुस्तिका वाचा. काही स्पर्धांत कंट्रोलर ठरवूनच दिलेला असतो.

तुमच्याकडेही कोणी "ट्यूनिंग चुकलंय" म्हणालं, तर केपीला हात लावायच्या आधी खडूची रेघ मारा आणि दोन्ही आकडे त्याच्यासमोर ठेवा. दादा आजही म्हणतो की त्या रात्री केआय जास्त होता. नव्हता. फायनलच्या कोडमध्ये तोच केआय होता.