पदवीनंतरचे अंदमान: इंदूरहून प्रथमच निघणाऱ्यांसाठी

कन्येच्या पदवीनिमित्त आजी-आजोबांसह पाच दिवस अंदमानला निघालात, मनःपूर्वक अभिनंदन! इंदूरहून विमान बदलत जावे लागते, म्हणून पोहोचल्याच्या दिवशी सेल्युलर जेलखेरीज काहीही ठरवू नका. तिथे सावरकरांच्या कोठडीच्या गजांवर हात ठेवून माझी आई कितीतरी वेळ निःशब्द उभी होती, आणि तेवढी सवड तुमच्याकडील आजी-आजोबांनाही मिळायलाच हवी.

पाच दिवसांत सारी बेटे उरकण्याचा हट्ट ही नवख्यांची नेहमीची चूक. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, आणि शहीद द्वीप एवढी पुरेत. त्याहून गंभीर चूक म्हणजे स्कूबा, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली पोहणे, शेवटच्या दिवशी ठेवणे. पाण्याखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि तो उरला असताना उड्डाण केल्यास विमानातील कमी दाबाने त्याचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो, त्यामुळे परतीच्या विमानाआधी १८ ते २४ तास मोकळे ठेवाच.

स्वराज द्वीपावरील राधानगर किनाऱ्यावर मात्र चारपर्यंत पोहोचा, कारण हिवाळ्यात तिथे पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो.