चाराण्याची कोंबडी, बाराण्याचा मसाला

प्रिय ओवी,

काल फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. आजी 'चाराण्याची कोंबडी, बाराण्याचा मसाला' म्हणते, तर चार आणे म्हणजे किती? आणि पैसे असताना ती जांभळी नाक्यावर मेथीच्या जुडीसाठी पाच रुपयांवरून एवढी घासाघीस का करते?

पूर्वी रुपयाचे सोळा आणे असत. 1957 साली शंभर नवे पैसे आले आणि आणा हिशेबातून गेला, बोलण्यातून मात्र गेला नाही. पंचवीस पैशांना आम्हीही चाराणेच म्हणायचो. ते नाणंही 2011च्या जूनअखेर बंद झालं, तुझ्या जन्माआधीच. मी पाचवीत असताना ठाणे स्टेशनबाहेर वडापाव दोन रुपयांना मिळायचा, परवा तू वीस दिलेस. पण म्हणून तेव्हा स्वस्ताई होती असं समजू नकोस. महिनाअखेरीला आजी तूरडाळ पाव-पाव किलोनं आणायची, पिशवी मीच धरायचे. 1998 साली कांदा कडाडला, तेव्हा दिवाळीपर्यंत आमच्या पोह्यांत कोबी होता.

आता भाव करण्याचं. पालेभाजी रात्री वाशीच्या मार्केटला उतरते, तिथून पहाटे टेम्पोनं ठाण्यात येते. पावसाची झड लागली की पाला सडतो, गाड्या कमी येतात आणि जुडीचा भाव दोन दिवसांत दुप्पट होतो. आजी म्हणूनच आधी 'आज माल कमी आलाय का गं?' असं विचारते. नीट बघ, तशा दिवशी ती कोथिंबिरीला एक शब्द बोलत नाही, मुकाट्यानं घेते. माल भरपूर असला की मात्र ती पाच रुपये सोडायची नाही, आणि भाजीवालीही शेवटी स्वतःहून चार मिरच्या नि कडीपत्त्याची काडी पिशवीत टाकते. त्या दोघींची तीस वर्षांची ओळख आहे. इथे दुकानात छापील किंमत बघून मी गप्प सामान उचलते, कोणाशी बोलणं होत नाही. मला त्या काडीची फार आठवण येते.

आणि हो, माळ्यावरच्या ट्रंकेत आजीनं जुनी कॅलेंडरं जपून ठेवली आहेत. रोजच्या चौकटीत दुधाचे लिटर, दूध आलं नाही त्या दिवशी फुली, खाली दर आणि बेरीज. तिला काढून द्यायला सांग. माझ्या जन्माच्या महिन्याचं पान शोध आणि दुधाचा दर मला कळव.

तुझी,
आई